कागदावर दोनशे साठ

२०१५ साली बाबांनी भाटाची, म्हणजे माडा-काजूच्या बागायतीची, एक पट्टी शेजाऱ्याला विकली. ३२० चौरस मीटर. दादाचं घर स्लॅबपर्यंत येऊन अडलं होतं आणि पुन्हा बँकेची पायरी चढायची बाबांची तयारी नव्हती. भाव चौरस मीटरला ५२० रुपये ठरला. विक्रीखतात २६० लिहिला. उरलेले पैसे कापडी पिशवीतून आले. आमच्याकडे ह्याला कोणी चोरी म्हणत नाही, 'मुद्रांक वाचवणं' म्हणतात. सब-रजिस्ट्रारसमोर बाबांनी सही केली, मग आईने. कारण गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवऱ्याच्या मिळकतीत बायको अर्ध्याची धनीण असते आणि तिच्या सहीवाचून त्याला वीतभर जमीनही विकता येत नाही. दोन साक्षीदारांपैकी एक आलाच नाही, म्हणून त्या जागी मी सही केली. शाळेत रोज पन्नास वह्यांवर सह्या करणारी बाई मी. आणखी एक केली, एवढंच वाटलं.

पुढल्या वर्षी बाबा गेले. त्याच्या पुढल्या वर्षी रस्ता आला.

रस्ता कुठला, तालुका कुठला, ते लिहीत नाही. उत्तर गोव्यातलं गाव, राज्य सरकारचा रस्ता, दोन पदरांचे चार करायचे होते, एवढं पुरे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात सर्व्हे नंबरांची यादी आली आणि त्यात आमच्या भाटाचा नंबर होता. दादाने कात्रण कापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं, जणू तिथे ठेवल्याने ते निवेल.

ही कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना. आता १८९४ चा जुना कायदा नाही. १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा भूसंपादन कायदा लागू आहे. अधिसूचनेनंतर ६० दिवसांत हरकत घेता येते. गावातल्या बहुतेकांनी, मीसुद्धा, त्या अर्जात 'योग्य बाजारभाव मिळावा' असं लिहून दिलं. वाया गेलं. त्या टप्प्यावर भावाचा प्रश्नच नसतो. ही जमीन कशाला हवी, एवढी कशाला, दुसरीकडून नेता येईल का, हे तिथे बोलायचं असतं. गावातल्या एकानेच नकाशा जोडून दाखवलं की वळण दोन मीटर सरकवलं तर त्याची विहीर वाचते. त्याची विहीर वाचली. आमची गेली.

मग जाहीरनामा, मग कलम २१ ची नोटीस: तुमचा हक्क काय, मागणी किती, मोजणीबद्दल तक्रार असेल तर सांगा. नोटीस आजोबांच्या नावाने आली. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली होती. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सात-बाराच म्हणा) अजून तेच बसलेले, आणि बाबांनी वारसा लावून घ्यायचं कायम दसऱ्यानंतर ठरवलेलं. शेवटी डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण ते सांगणारा दस्त, करून घेतलं तेव्हा आई, दादा, मी, आणि आमच्या दोघांच्या लग्नामुळे वहिनी नि माझा नवरा, अशी पाच जणांची फौज जमली. माझ्या नवऱ्याने ती जमीन जन्मात दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा फणस खायला. पण त्याची सही हवीच. दुसऱ्या एका घरात मुंबईतल्या जावयाची सही मिळायला आठ महिने लागले. तोवर त्यांचे पैसे अडकून पडले.

मोजणीला दादा रजा टाकून उभा राहिला आणि ते बरं झालं. पहिल्या कच्च्या नकाशात आमचे १,१९० चौरस मीटर भरत होते. चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, हीच हद्द धरून चालले होते सर्व्हेवाले. दादाने जुना दगड दाखवला, पुन्हा फीत लावली, १,२४० आले. झाडांची मोजदाद कृषी खात्याच्या माणसाने केली: अकरा माड, सहा काजू, एक फणस. दोन माड अजून फळाला आले नव्हते, ते आधी धरलेच नव्हते. विहीर आणि गडग्याची किंमत बांधकाम खात्याच्या दराने. इथे एक गोष्ट मला वकिलांनी नंतर समजावली: जमिनीची किंमत झाडांच्या उत्पन्नावरून काढून घेतली, तर वर झाडांचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. एकाच नारळाचे दोनदा पैसे होतात. आमची जमिनीची किंमत विक्रीखतांवरून काढली होती, म्हणून झाडं वेगळी लागली.

निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा सरकारी हुकूम, झाला तेव्हा आम्ही तिथे नव्हतो. नोटीस २०१९ च्या सुरुवातीला घरी आली. दर: चौरस मीटरला ३८५ रुपये.

आईने विचारलं, "हे आपल्या पट्टीपेक्षा जास्तच की गो?" कागदावरच्या २६० पेक्षा जास्त होतं. खऱ्या ५२० पेक्षा कमी होतं. मी काही बोलले नाही.

दर ठरतो कसा, ते मी त्या आठवड्यात पहिल्यांदा वाचलं. कलम २६. मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर (महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात तसला) एका बाजूला. जवळपासच्या तशाच जमिनींच्या विक्रीखतांची सरासरी दुसऱ्या बाजूला. ह्यांतलं जे जास्त, ते घ्यायचं. ग्रामीण भागात त्याला शहरापासूनच्या अंतराप्रमाणे १ ते २ च्या मधला गुणक. त्यात झाडं, विहीर, बांधकाम मिळवायचं. मग त्या सगळ्यावर शंभर टक्के सोलेशियम, म्हणजे दिलासा रक्कम. शिवाय सामाजिक परिणाम अभ्यासाच्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत, किंवा ताबा आधी घेतला असेल तर ताब्यापर्यंत, बाजारभावावर वर्षाला १२ टक्के. वाचताना डोकं गरगरतं, पण एक कळलं: भांडण करायचं ते मूळ दराशी. तिथे एक रुपया वाढला की सोलेशियममुळे त्याचे निदान दोन होतात. बाकीचं सगळं गुणाकार आहे, तिथे कोणाशी भांडणार?

त्याआधी पैसे घ्यायचा दिवस आला. हा दिवस नीट लिहायला हवा.

सकाळपासून रांग. टेबलावर छापील पावती, तिच्यावर महसूल तिकीट, तिच्यावर सही. आमचे चुलते आबाकाका पुढे होते. त्यांनी सही केली, मागे वळून मला म्हणाले, "पयलीं पयशे घे, मागीर झगड." आधी पैसे घे, मग भांड. शहाणपणाचा सल्ला वाटतो. पण आदल्या रात्री मी कलम ७७ वाचलेलं होतं. त्यात स्पष्ट म्हटलंय की मोबदला निषेध नोंदवून घेता येतो, आणि निषेध न नोंदवता घेतला तर दर वाढवून मागायचा कलम ६४ चा अर्ज करता येत नाही. झगड मागीर करायचा असेल तर तसं पयलीं लिहून ठेवावं लागतं. मी सहीच्या वर लिहिलं: 'रक्कम अपुरी असल्याने निषेधासह स्वीकारली.' कारकून म्हणाला, "बाई, पावतीवर असं काही लिहीत नाहीत." मी म्हटलं, "मग न लिहिण्याचा नियम दाखवा." वर्गात जो आवाज काढते तो निघाला बहुतेक. त्याने पावती ओढून घेतली आणि दुसऱ्या कोणाला तरी हाक मारली. पाच मिनिटांनी तीच पावती पुढे गेली. दादाने, आईने, वहिनीने, नवऱ्याने, सगळ्यांनी तेच वाक्य लिहिलं. आईने माझं बघून बघून. शिवाय तेच पत्र करून आवक शिक्क्यासह पोच घेतली, पावती पुढे हरवली तर असावी म्हणून.

आबाकाकांना मी रांगेतच का सांगितलं नाही, हे मला अजून लागतं. सही होऊन गेली होती हे खरं. पण आदल्या रात्री फोन करता आला असता.

कलम ६४ च्या अर्जाला मुदत सहा आठवडे. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर निवाड्यापासून. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, ह्यांतलं जे आधी संपेल ते. सबळ कारण दाखवलं तर एक वर्षापर्यंत सवलत देता येते, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. आता गंमत बघा: दर कमी का, हे अर्जात लिहायचं तर तो कसा काढला ते माहीत हवं. त्यासाठी माहिती हक्कात फाईल मागायची, तर उत्तराला ३० दिवस. सहा आठवडे म्हणजे ४२. मी नकला मागण्याबरोबर फाईल पाहायची परवानगीही मागितली, आणि एका शनिवारी अर्धी रजा टाकायच्या ऐवजी पूर्ण मंगळवार काढून गेले.

फाईलमध्ये सहा विक्रीखतांची यादी होती. तीन वर्षांतली, त्याच भागातली. दर असे: २६०, २८०, ३००, ३५०, ४८०, ६४०. सगळ्यांची बेरीज, भागिले सहा. ३८५.

पहिलं विक्रीखत बाबांचं होतं.

मी ते दोनदा वाचलं. बाबांची सही, आईची, साक्षीदारांत माझी. सरकारने आमच्या जमिनीचा भाव पाडायला आमच्याच घरचा कागद लावला होता, आणि त्यात त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलेलं वाचलं. मी घरी आईला सांगितलं नाही. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "पिशवी तूच मोजलेलीस."

वकील म्हापशाचे, वयस्क, जमिनीच्याच केसेस करणारे. त्यांना मी यादी दाखवली. ते बाबांच्या विक्रीखताकडे बघून हसले वगैरे नाहीत. त्यांना हे रोजचंच. त्यांचं बोट बेरजेखालच्या आकड्यावर गेलं. "सहाने का भागलं?" कलम २६ च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की जमलेल्या विक्रीखतांपैकी सर्वांत जास्त किमतीची अर्धी घ्यायची आणि त्यांचीच सरासरी काढायची. सगळ्यांची नाही. वरची तीन धरली तर ३५०, ४८० आणि ६४०, सरासरी ४९०. एका ओळीच्या चुकीने चौरस मीटरमागे १०५ रुपये.

मला वाटतं, हे स्पष्टीकरण ज्यांनी लिहिलं त्यांना आपला देश नीट ठाऊक असावा. माणसं कागदावर कमी लिहितात हे कायद्याने न बोलता मान्य केलंय आणि खालची अर्धी विक्रीखतं उचलून बाहेर ठेवली आहेत. बाबांचं विक्रीखत त्या खालच्या अर्ध्यात होतं.

वकिलांनी मला कामाला लावलं. शेजारच्या गावातली, तीच तीन वर्षं, तसलीच बागायती जमीन, अशी आणखी विक्रीखतं शोधा. कायदा जवळचं गाव किंवा जवळचा परिसर दोन्ही धरतो. मे महिन्याच्या सुटीत मी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत बसले. सूचीतून नंबर काढायचा, फी भरायची, नक्कल मागायची, नकाशावर जागा शोधायची. अकरा नकलांतल्या दोन उपयोगी निघाल्या: एक ५६० ची, एक ७२० ची. बाकीच्यांत कुठे सनद (बिगरशेती वापराचा परवाना) होती, कुठे घर होतं, कुठे व्यवहार भावाभावांतला. तिसरी एक वकिलांनी हट्टाने लावली: ४०० मीटरचा प्लॉट, दर २,२००. मला ती बघूनच खोटी आशा लागली.

अर्ज त्याआधीच, मुदतीत गेला होता. प्रकरण प्राधिकरणाकडे (असे वाद ऐकणारं न्यायालयच ते) जायला कायद्याने ३० दिवस लागायला हवेत. किती लागले ते सांगत नाही. मग कोविड आला. पुढली दोन वर्षं फक्त तारखा.

इथे एक कडेने सांगते, कारण सासरच्या नातेवाइकांची जमीन ६६ क्रमांकाच्या महामार्गाला गेली आणि ते माझंच बघून अर्ज करायला निघाले होते. राष्ट्रीय महामार्गाची वाट वेगळी आहे. तिथे दर मान्य नसेल तर १९५६ च्या महामार्ग कायद्याच्या कलम ३-जी खाली लवादाकडे जावं लागतं, आणि लवाद केंद्र सरकारने नेमलेला. लवादाचा निवाडा पटला नाही तर न्यायालय तो रद्द करू शकतं, पण स्वतः दर वाढवून देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवलं; २०२५ च्या निकालाने निवाड्यात मर्यादित बदलांपुरती वाट मोकळी केली. सोलेशियमसुद्धा तिथल्या जुन्या प्रकरणांत २०१९ च्या निकालापर्यंत नाकारलं जात होतं. तेव्हा आधी बघा, तुमची जमीन कोणत्या कायद्याखाली गेली.

माझी साक्ष २०२३ च्या पावसात झाली. मला वाटत होतं की सरकारने आपली बाजू सिद्ध करायची आणि आम्ही खोडायची. उलट असतं. १९८८ चा, पुण्याच्या एका जमिनीसंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमच्या वकिलांना तोंडपाठ होता: हे अपील नव्हे, नव्याने चाललेलं प्रकरण; दर अपुरा आहे हे दाखवायचं ओझं मागणाऱ्यावर.

सरकारी वकिलांनी आधी २,२०० च्या प्लॉटचा निकाल लावला. सौम्य आवाजात.

"त्या प्लॉटला सनद आहे?"

"हो."

"तुमच्या भाटाला?"

"नाही."

"रिजनल प्लॅन २०२१ मध्ये तुमची जमीन कुठल्या झोनमध्ये?"

"ऑर्चर्ड."

"तो प्लॉट ४०० मीटरचा. तुमची जमीन तिप्पट. बरोबर?"

बरोबर. लहान तयार प्लॉटचा भाव मोठ्या कच्च्या जमिनीला जसाच्या तसा लागत नाही. रस्ते, गटारं, लागणारा काळ म्हणून २० पासून ५० टक्क्यांपर्यंत कापतात. आणि आमचं तर झोनच वेगळं. पुढे निकालात तो प्लॉट तुलनेलाच घेतला नाही. मला न्यायाधीशांचं पटलं. आमच्या वकिलांना पटलं नाही.

मग सरकारी वकिलांनी बाबांचं विक्रीखत माझ्यासमोर धरलं. "साक्षीदार म्हणून ही सही तुमची?"

"हो."

"ह्यात लिहिलेली किंमत बाजारभावाप्रमाणे होती, असंच म्हणायचं ना?"

आदल्या दिवशी आमच्या वकिलांनी मला बसवून सांगितलं होतं. 'खरी किंमत ५२० होती' म्हणालात तर बाबांनी आणि तुम्ही मुद्रांक बुडवला हे शपथेवर कबूल करताय, आणि नोंदलेल्या दस्ताविरुद्ध तोंडी सांगितलेलं कोणी धरणारही नाही. 'होती' म्हणालात तर सरकारचं काम झालं. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या.

मी म्हटलं, "त्यात जी लिहिली आहे ती लिहिली आहे. मी सही केली."

"माझा प्रश्न तो नाही, बाई."

"मला भाव काढता येत नाही. मी मराठी शिकवते."

न्यायाधीशांनी पुढला प्रश्न घ्यायला सांगितलं. माझे तळवे ओले झाले होते. वर्गात पोरं असं उत्तर देतात तेव्हा मी त्यांना उभं ठेवते.

निकाल २०२४ मध्ये लागला. आम्ही शोधलेली दोन्ही विक्रीखतं न्यायाधीशांनी मान्य केली. एकूण आठ झाली. त्यांतली वरची चार: ७२०, ६४०, ५६०, ४८०. सरासरी ६००. बाबांचा कागद खालच्या चारांत गेला आणि त्याच्याबद्दल निकालात अर्धीच ओळ आहे. ३८५ चे ६००. म्हणजे १,२४० मीटरवर २,६६,६०० रुपये वाढले, सोलेशियमसह ५,३३,२००, गुणकाचं वेगळं. वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षाला ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज. मोबदल्यावर प्राप्तिकर नाही, कलम ९६. सरकार ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करू शकतं, तेव्हा पैसे आल्याशिवाय दादा काही बोलत नाही. आईने मात्र विचारलं, "बाबांच्या पट्टीचा भाव काय धरला?" मी म्हटलं, "धरलाच नाही." तिला ते आवडलं नाही.

मी त्याच दिवशी निकालाच्या नकलेसाठी अर्ज टाकला, आणि तो आमच्यासाठी नव्हता. कलम ७३ म्हणतं की एकाच अधिसूचनेतल्या एकाचा दर प्राधिकरणाने वाढवला, तर ज्यांनी कलम ६४ चा अर्ज केलाच नव्हता त्यांनाही त्या निकालापासून तीन महिन्यांत तोच दर मागता येतो. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा. मी वकिलांना विचारलं, निषेध न लिहिता पैसे घेतलेल्यांचं काय? ते म्हणाले, जुन्या कायद्यातही अशीच तरतूद होती आणि तिथे निषेधाची अट लावली नव्हती, अर्ज टाका.

नक्कल हातात आल्यावर मी बारा झेरॉक्स काढल्या आणि रविवारी गावात फिरले. आबाकाका ओसरीवर सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यांची ७०० मीटर गेली आहे. मी आकडा करून दाखवला: दीड लाख वाढ, दुप्पट तीन. त्यांनी चष्मा लावला, अर्ज पूर्ण वाचला, काकूला हाक मारली, कारण तिचीही सही लागणार होती. मग पेन उघडून म्हणाले, "आता ह्याच्यावर ते निषेध की काय लिहायचं ना गो?"

"नको काका. आता नको. फक्त सही."

"मागच्या खेपेला सांगितलं असतंस तर तेव्हाच लिहिलं असतं," ते म्हणाले आणि सही केली. काकू हात पुसत आली. पाच घरं अजून राहिली होती आणि पाऊस दाटून आला होता.